लठ्ठ बोक्याचं वजन उतरवणारं खाणं: पावसाळा ते होळी, आमचा अनुभव

आमचा मन्या हा नसबंदी झालेला, चोवीस तास फ्लॅटमध्येच राहणारा केशरी बोका. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर लस द्यायला नेला तेव्हा वजन ६.८ किलो भरलं. डॉक्टरांनी बरगड्या हाताला लागतात का ते चाचपलं, वरून कंबर दिसते का ते पाहिलं आणि ९ पैकी ८ असा आकडा कार्डावर लिहिला. या मोजणीत ५ म्हणजे अगदी योग्य अंगलट, आणि त्यावरचा प्रत्येक अंक म्हणजे साधारण १० ते १५ टक्के जास्तीचं वजन. मन्याच्या चणीला ५ किलोच्या आसपास ठीक, असं ठरलं. आता होळी होऊन गेली आहे आणि काटा ५.५ दाखवतोय. हे कोणत्या खाण्यावर झालं ते सविस्तर लिहिते, कारण लठ्ठ मांजर गोड दिसतं म्हणून त्याचं कौतुक करणारी माणसं खूप भेटतात; मधुमेह, सांधेदुखी आणि लघवीचे त्रास अशाच मांजरांना जास्त होतात हे सांगणारी फार कमी.

आम्ही वापरलं ते रॉयल कॅनिनचं सॅटायटी, म्हणजे वजन उतरवण्यासाठीचं व्हेटनरी ड्राय फूड (कोरडे दाणे), आणि जोडीला रोज एक वेट फूडचं, म्हणजे ओल्या खाण्याचं, पाऊच. याच कामाचं हिल्सचं मेटाबॉलिक आणि फार्मिनाचं व्हेट लाइफ ओबेसिटी हेही आहे. आमच्या डॉक्टरांनी सुचवलं आणि जवळच्या दुकानात नियमित मिळतं म्हणून आम्ही सॅटायटी घेतलं.

सगळ्यात आधी एका प्रश्नाचं उत्तर, कारण तो मला प्रत्येकाने विचारला: नेहमीचंच खाणं निम्मं करून चाललं नसतं का? नाही. नेहमीच्या दाण्यांमध्ये प्रोटीन, जीवनसत्त्वं, टॉरिन (मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणारं एक अमिनो आम्ल) यांचं प्रमाण मांजर पोटभर खाईल असं धरून बसवलेलं असतं. दाणे निम्मे केले की कॅलरीबरोबर हेही सगळं निम्म्यावर येतं, आणि मग चरबीबरोबर स्नायूही झिजतात. मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी, त्याच्या शरीराला प्रोटीनची गरज कुत्र्यापेक्षाही जास्त. वजन उतरवण्याच्या खाण्यात दर कॅलरीमागे प्रोटीन आणि बाकीचे घटक वाढवलेले असतात आणि चोथा भरपूर असतो, त्यामुळे वाटी भरलेली दिसते आणि पोटही भरतं. सॅटायटीत चक्क ईसबगोल आहे. तो पाणी शोषून पोटात फुगतो, म्हणून मन्या पहिल्यासारखा दर तासाला ओट्याशी येऊन ओरडत नाही. चोथ्यामुळे शी जास्त होते, लिटर बॉक्स जरा लवकर भरतो. ते अपेक्षितच आहे, घाबरू नका.

आता हिशेब. मांजराचं जे वजन हवं आहे, त्यावरून डॉक्टर विश्रांतीच्या अवस्थेत लागणाऱ्या कॅलरी काढतात. ५ किलोला त्या साधारण २३५ येतात. वजन उतरवायचं तर त्याच्या ८० टक्के, म्हणजे दिवसाला १९० च्या आतबाहेर. ही फक्त सुरुवात असते, पुढे काटा बघून कमीजास्त करायचं. मन्याला आम्ही सॅटायटी ४० ग्रॅम आणि ८५ ग्रॅमचं एक पाऊच देतो, ते जवळपास तेवढंच भरतं. पाकिटावरच्या तक्त्यात मांजराचं आत्ताचं वजन बघून मोजमाप घेऊ नका, हवं असलेलं वजन बघा.

आणि कप वापरू नका! स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. साध्या ड्राय फूडच्या १०० ग्रॅममध्ये ३५० ते ४०० कॅलरी असतात. कपाने मोजताना दहा ग्रॅम इकडे तिकडे सहज होतात, आणि दहा ग्रॅम म्हणजे मन्याच्या दिवसभराच्या वाट्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा. मी रोज सकाळी पूर्ण दिवसाचे दाणे मोजून एका डबीत काढते. घरातलं कोणीही दिलं तरी त्या डबीतूनच द्यायचं. डबी रिकामी झाली की त्या दिवसाचे दाणे संपले. माझ्या मते या सगळ्यात सर्वांत उपयोगी गोष्ट ही डबीच आहे, कोणत्याही कंपनीच्या खाण्यापेक्षा.

वेट फूडबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आपल्याकडे ते चैनीचं समजलं जातं. पाऊचमध्ये ७५ ते ८० टक्के पाणी असतं. म्हणजे तेवढ्याच कॅलरीत कितीतरी मोठा घास, आणि मुळात कमी पाणी पिणाऱ्या प्राण्याच्या पोटात पाणीही जातं. पाकिटावर प्रोटीन ११ टक्के आणि दाण्यांच्या पिशवीवर ३२ टक्के वाचून फसू नका. पाणी वजा करून बघा: ८० टक्के पाणी असलेल्या पाऊचमध्ये कोरडा भाग २० टक्के, त्यातले ११ प्रोटीन, म्हणजे ५५ टक्के. दाण्यांमध्ये पाणी १० टक्के धरलं तर ३२ चे जेमतेम ३६ होतात. एकच काळजी घ्यायची. काही पाऊच पूर्ण आहार असतात आणि काही फक्त पूरक, ते पाकिटावर छापलेलं असतं. ग्रेव्हीतले नुसते तुकडे बऱ्याचदा पूरक असतात, त्यावर मांजर ठेवायचं नाही.

घरचं काय, हाही प्रश्न येतोच. आमच्या सासूबाई मन्याला सकाळी म्हशीचं दूध द्यायच्या. अर्धा कप म्हशीच्या दुधात १०० च्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे त्याच्या दिवसाच्या निम्म्याहून जास्त. शिवाय मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचतही नाही. हे आकडे कागदावर मांडून दाखवल्यावर त्यांनी स्वतःच दूध बंद केलं, आणि आता डबीवर सर्वांत कडक नजर त्यांचीच असते. सुकट आणि सुके बोंबील मिठामुळे बंद. लाड म्हणून दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांपर्यंत काही देता येतं. मन्यासाठी ते १० ते १२ ग्रॅम उकडलेलं चिकन, मीठ, कांदा, लसूण काही न घालता. नुसत्या उकडलेल्या चिकनवर किंवा मासळीवर मांजर बारीक करायचा बेत मात्र करू नका. त्यात कॅल्शियम पुरत नाही, टॉरिन उकळण्याच्या पाण्यात उतरतं, आणि टॉरिन कमी पडलं की हृदय आणि डोळे दोन्हींवर परिणाम होतो. हृदयाचा हा संबंध १९८७ मध्ये सिद्ध झाला.

नवीन खाण्यावर आणताना घाई करू नका, हे मी हात जोडून सांगते. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तरी अंगातली चरबी यकृतात साठायला लागते आणि जीवावर बेततं. ‘भूक लागली की खाईल’ हे कुत्र्याच्या बाबतीत चालेल, मांजराच्या नाही. आम्ही जुन्या दाण्यांत नवे थोडे थोडे मिसळत गेलो आणि पूर्ण बदल व्हायला दोन आठवड्यांहून जास्त वेळ दिला. पहिले काही दिवस तो नवे दाणे बाजूला काढून जुनेच खायचा. मग त्यावर पाऊचमधली थोडी ग्रेव्ही चोळली आणि गाडी पुढे सरकली. दिवसभर काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करायचा, वाट बघत बसायचं नाही.

वजन आठवड्याला अर्धा ते एक टक्का उतरावं, म्हणजे ६.८ किलोच्या बोक्याचं ३५ ते ७० ग्रॅम. माणसांच्या काट्यावर त्याला घेऊन उभं राहिलं तर एवढा फरक दिसत नाही, म्हणून आम्ही लहान बाळांचा काटा घेतला. दिवाळीत पाहुणे आले, प्रत्येकाने काही ना काही भरवलं आणि वजन तिथेच थांबलं. नंतर पुन्हा उतरायला लागलं.

घरात दुसरं मांजर असेल तर खरी कसरत तिथे आहे. आमची ठमी सडपातळ आहे, तिला नेहमीचंच खाणं लागतं. तिची वाटी आम्ही फ्रिजवर ठेवायला लागलो, कारण मन्याला तिथे उडी मारता यायची नाही. माघ महिन्यात तो एका दमात ओट्यावरून फ्रिजवर गेला! मला इतका आनंद झाला की त्या दिवशी त्याला रागावलेच नाही. आता ठमी बंद खोलीत जेवते. दुसरा फरक म्हणजे पूर्वी त्याचं तोंड शेपटीच्या मुळापर्यंत पोहोचत नसे, तिथे केसांच्या गाठी व्हायच्या. आता पाठ तो स्वतः चाटून साफ करतो.

किंमत साध्या दाण्यांपेक्षा बरीच जास्त आहे, या प्रकारचं सगळंच खाणं महाग असतं. पण मोजून दिल्यामुळे पिशवी पूर्वीपेक्षा जास्त दिवस पुरते. दमट हवेत दाणे मऊ पडतात, म्हणून छोटी पिशवी घ्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

पिल्लांना आणि गाभण किंवा अंगावर पाजणाऱ्या मांजरीला हे देऊ नये. मूत्रपिंडाचा आजार किंवा लघवीत खडे असतील तर आधी तपासण्या करून घ्या, त्यांचं पथ्य वेगळं असू शकतं. आणि मांजर इन्सुलिनवर असेल तर खाणं बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलाच, कारण आहार बदलला आणि वजन उतरलं की इन्सुलिनची गरज कमी होऊ शकते, आणि जुनाच डोस चालू राहिला तर साखर धोकादायक खाली जाते.