उपकेंद्रातली मोफत स्तन तपासणी: हात चांगला, पुढची वाट कच्ची

सांगली जिल्ह्यात गावच्या उपकेंद्रात तिशी ओलांडलेल्या बाईची स्तन तपासणी मोफत होते. आशाताई घरी येऊन फॉर्म भरून घेतात, तपासतात सिस्टर किंवा समुदाय आरोग्य अधिकारी. मशीन नाही, नुसता हात. पण हात शिकलेला असेल तर त्याला कमी लेखू नका. मुंबईत टाटा मेमोरियलच्या अभ्यासात डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या बायकांनी दर दोन वर्षांनी अशी तपासणी केली. 2021 साली निष्कर्ष आले: पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले होते.

तपासणी नीट झाली का, हे बाईला स्वतःला कळतं. पडदा हवा, ब्लाउज काढलेला हवा. आधी बसवून, हात वर करायला लावून बघतात: कातडी कुठे ओढली जातेय का, संत्र्याच्या सालीसारखी दिसतेय का, बोंड नव्याने आत गेलंय का. मग झोपवून मधल्या तीन बोटांच्या पेरांनी छोटे गोल फिरवत, आधी हलका, मग मध्यम, मग खोल दाब. गळ्याच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत, आणि काखही. घाई न करता एका बाजूला दोन-तीन मिनिटं लागतातच. शिबिरात बाया शंभर आणि सिस्टर एकच असली की ब्लाउजवरून हात फिरतो आणि कागदावर ‘काही नाही’ पडतं. ही तपासणी नव्हे. सरळ पुन्हा करायला सांगा.

खरी अडचण काही सापडून पुढच्या तपासासाठी मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी मिळाल्यावर. जत-आटपाडीकडच्या बाईला मिरजेला जायचं म्हणजे दिवसाचा खाडा, आणि गाठ दुखत नाही म्हणून ‘द्राक्षाचा हंगाम उरकू दे’ होतं. कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही, थांबू नका. मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनाचा एक्स-रे काढण्याच्या, दिवशी काखेत पावडर किंवा डिओ लावू नका, फिल्मवर त्याचे चुन्यासारखे ठिपके उमटतात. पाळी संपल्यानंतरचा आठवडा बरा, दाब कमी दुखतो. चाळिशीच्या आतल्या बाईला बहुधा आधी सोनोग्राफी सांगतात.

रिपोर्टवर ‘बायरॅड्स’ म्हणून एक आकडा असतो, फोटोत कॅन्सरचा संशय किती ते सांगणारा. ‘बायरॅड्स 0’ म्हणजे काही नाही असं नव्हे. तपास अपुरा आहे, आणखी फोटो किंवा सोनोग्राफी हवी. 4 किंवा 5 असेल तर सुईने तुकडा काढून तपासतात. सुईने कॅन्सर पसरतो ही भीती सोडा. आणि गाठ हाताला लागत असताना मॅमोग्राफी स्वच्छ आली, तरी घरी परतू नका. डॉक्टरांना गाठीवर बोट ठेवून दाखवा, सोनोग्राफी मागा.