समुपदेशन: स्क्रीनवर की समोरासमोर?
सौम्य ते मध्यम नैराश्य आणि चिंतेसाठी व्हिडिओवरची सीबीटी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी उपचारपद्धती) समोरासमोरच्या सत्रांइतकीच उपयोगी पडते, असं बहुतेक तुलनात्मक अभ्यास सांगतात. गडचिरोलीतल्या माणसाला तर दुसरा पर्याय फारसा नसतोच. आणि परदेशातल्या सुनेला सासूबाईंबद्दल मराठीतच बोलायचं असतं!

खरी अडचण नेटवर्कपेक्षा भिंतींची आहे. वन-रूम-किचनमध्ये आई ओट्यापाशी, भाऊ टीव्हीसमोर. मग मनातलं बोलायचं कुठे? लोक गच्चीवर, जिन्यात, उभ्या गाडीत बसून सत्रं उरकतात. इथे क्लिनिकचं बंद दार सरळ जिंकतं. शिवाय समोर बसलेल्या समुपदेशकाला अस्वस्थपणे हलणारा पायही दिसतो, स्क्रीनवर फक्त चेहरा. नुसत्या चॅटवर तर तोही नाही, म्हणून तो पर्याय मला सगळ्यात लंगडा वाटतो.

प्रवासाचा वेळ आणि खर्च वाचतो, हे उघडच आहे.

आत्महत्येचे विचार, भास किंवा गंभीर व्यसन असेल तर मात्र प्रत्यक्ष मानसोपचारतज्ज्ञच गाठावा. तातडीने बोलायचं असल्यास २०२२ पासून सुरू असलेली सरकारी 'टेली-मानस' हेल्पलाइन आहे: १४४१६, मोफत, मराठीतही.