इंदूरच्या महाराणी रोडमागचे काका, गेरार्ड टर्नटेबल रिपेरिंग: काम झकास, तारखेवर भरवसा नको

काकांनी नाव-नंबर टाकू नको म्हणून बजावलंय, आधीच सहा-सात मशिनी उघड्या पडल्यात त्यांच्याकडे. महाराणी रोडवर कुठल्याही जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवाल्याला विचारा, तोच गल्ली दाखवेल.

तर मशीन म्हणजे रेकॉर्ड वाजवायची टर्नटेबल, गेरार्ड एसपी-25, इंग्लंडची, जुन्या सामानवाल्याकडून साडेचार हजारात उचललेली. "एकदम चालू है भिया" म्हणाला होता. चालू म्हणजे थाळी फिरत होती एवढंच. घरी गायक अमीर खाँसाहेबांची एलपी लावली, आईने पेटी काढली न म्हणाली, अरे हा षड्ज ना पांढरी एक ना काळी एक, मधेच लटकलाय. वर तानपुरा झोके घेतोय. खाँसाहेबांची ती अतिविलंबित लय, एकेक स्वर इतका वेळ थांबतो की स्पीडचं सगळं पाप बाहेर पडतं, सिनेमाच्या गाण्यात कदाचित कळलंही नसतं.

आधी एका दुसऱ्या दुकानात दिलं होतं, त्यांनी सरसकट तेलाचा स्प्रे मारला, रबराच्या चाकावरसुद्धा! ह्यात बेल्ट नसतो हो, मोटरची पुली आणि थाळीची आतली कड ह्यांच्यामध्ये रबरी चाक दाबून बसतं, आयडलर म्हणतात, तेच थाळी फिरवतं. त्यावर तेल म्हणजे घसरणारच. पैसे गेले न स्पीड आणखी पडला.

काकांनी मशीन चालूच केलं नाही. क्लिप काढून थाळी उचलली, चाकावर माझा अंगठा ठेवला न हळूच फिरवलं, "लागला खड्डा?" लागला, बारीकसा. कुणीतरी खटक्याने बंद न करता भिंतीवरच्या स्विचनेच बंद करून वर्षानुवर्षं ठेवलं असणार, चाक एकाच जागी दबून राहिलं. मी नवीन चाक कुठून मागवायचं ह्या विचारात, तर म्हणाले खोल नाहीये, घासून निघेल, आणि निघाला. खरा आजार ग्रीसचा होता, खालच्या लिव्हरांवर वाळून अगदी डिंक झालेलं, म्हणून रेकॉर्ड संपली तरी सुईचा आर्म परत यायचा नाही. ते सगळं खरवडून धुतलं, मोटरच्या बुशात शिलाई मशीनचं तेल दोन-दोन थेंब, बंद करताना स्पीकरमधून फट्ट व्हायचं तो कपॅसिटर बदलला. डावा चॅनल मेलेला, तो हेडशेलचे, म्हणजे आर्मच्या टोकाच्या सुईच्या खोळीचे, कॉन्टॅक्ट खोडरबराने घासून जिवंत केला, माझ्यासमोर, दोन मिनिटांत. कार्ट्रिज (सुई बसते तो ठोकळा) ऑडिओ-टेक्निकाचं एटी-3600एल, सुईचं वजन 3 ग्रॅमवर. 78 च्या स्पीडचा खटका आहे म्हणून लगेच आजोबांच्या लाखेच्या रेकॉर्ड ह्यावर लावायच्या नाहीत, त्यांना चार-पाच पट जाड सुई लागते, हे तीनदा ऐकवलं.

आता तक्रारी. दहा दिवस म्हणाले, लागले सात आठवडे, मधे फोन उचलत नाहीत. मजुरी 2,600, पावती मागितली तर हसले. आणि माझ्या अ‍ॅम्पला फोनो इनपुट (टर्नटेबलचा बारीक आवाज वाढवणारी जागा) नाही हे त्यांना ठाऊक होतं तरी बोलले नाहीत, घरी येऊन लावतो तर आवाज मुंगीएवढा, प्रीअ‍ॅम्पचे आणखी 1,800. शांत जागी थोडी घुरघुर अजून येते, पण ती आयडलरवाल्या मशिनीत थोडीफार असतेच.

एका गोष्टीसाठी मात्र मानलं. घरी थाळीवर स्ट्रोब डिस्क, म्हणजे स्पीड तपासायची रेघांची चकती, ठेवली, आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर लुकलुकणाऱ्या दिव्यासाठी 33 च्या स्पीडला 180 रेघा असतात, स्पीड बरोबर असेल तर त्या जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. मला नुसतं धुरकट. रात्री नऊला फोन लावला, चक्क उचलला. "एलईडीखाली बघतोयस ना? चोकवाली जुनी ट्यूब आहे का घरात?" तशी लुकलुकणारी ट्यूब फक्त स्वयंपाकघरात. मग कणकेची परात सरकवून मशीन ओट्यावर. रेघा उभ्या राहिल्या, अगदी किंचित पुढे सरकतात. आई पेटी घेऊन तिथेच आली, म्हणाली चालेल, आता पोळ्या करू दे.