गंगापूर रोड की नाशिकरोड? मध्ये द्वारका चौक आहे, एवढं लक्षात ठेवा

माझा मामेभाऊ ठाण्याचा. दोन वर्षांत निवृत्त होतोय आणि नाशिकला फ्लॅट घ्यायचं त्याने पक्कं केलंय. यादी छाटत छाटत तो दोन नावांवर येऊन थांबलाय: गंगापूर रोड आणि नाशिकरोड. दोन्हीकडे राहिलेला नात्यातला माणूस मी एकटाच, म्हणून रोज जेवणं झाली की फोन. शेवटी म्हटलं, एकदाच लिहून टाकू. त्याच्यासारखे आणखी कुणी काठावर बसले असतील तर त्यांनाही वाचता येईल. कार्पेट किती, पार्किंग कितव्या मजल्याखाली, लिफ्ट कोणत्या कंपनीची, हे तुम्ही पाहालच. त्यात मी पडत नाही.

आधी माझी बाजू उघड करतो. २०१४ ते २०१८ आम्ही गंगापूर रोडला, जेहान सर्कलच्या आतल्या गल्लीत भाड्याने राहिलो. २०१८ पासून नाशिकरोडला, जेलरोडवर, स्वतःच्या घरात आहोत. म्हणजे तराजू कुठे झुकणार ते तुम्हाला आत्ताच कळलं. पण तो का झुकला हे ऐकून घ्या, कारण तुमचं कारण माझ्यापेक्षा वेगळं असू शकतं.

बाहेरच्यांना हे एकाच शहराचे दोन भाग वाटतात. कागदावर तसे ते आहेतही. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर अशा तीन नगरपालिका आणि आजूबाजूची वीसेक खेडी एकत्र करून ७ नोव्हेंबर १९८२ ला महापालिका झाली. पण आमच्या जेलरोडचा माणूस आजही मेनरोडला जायला निघाला की बायकोला सांगतो, "नाशिकला जाऊन येतो गं." चाळीस वर्षं उलटली, महापालिकेची घरपट्टी भरतोय, तरी नाशिक त्याच्या लेखी दुसरं गाव. आणि ते चूकही नाही. रेल्वे आली ती गावाला वळसा घालून, आठ-नऊ किलोमीटर लांबून. म्हणून तर स्टेशनचं नाव नाशिक नाही, नाशिकरोड. हे अंतर त्या काळच्या लोकांनाही खुपत होतं. त्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी घोड्यांनी ओढायची ट्राम सुरू झाली होती, गावातून थेट स्टेशनपर्यंत. ती बंद पडून नव्वदएक वर्षं झाली. अंतर तेवढंच राहिलं, मधली शेतं तेवढी गेली.

शेतं गेली म्हणजे किती, तर १९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या थोडी वर होती, २००१ मध्ये १० लाख ७७ हजार आणि २०११ मध्ये १४ लाख ८६ हजार. त्यानंतरची २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आज नेमके किती हे ज्याने त्याने आपापल्या सिग्नलवर उभं राहून मोजावं. माझी एक वेगळीच खूणगाठ आहे. नाशिकचे जुने पत्ते नाक्यांचे: मुंबई नाका, त्र्यंबक नाका, गंगापूर नाका. नाका म्हणजे गावाची हद्द संपायची जागा. आज हे सगळे नाके भर शहरात आहेत आणि हद्द पाथर्डी फाटा, सिन्नर फाटा अशी फाट्यांवर गेलीय. घर बघायला याल तेव्हा पत्त्यात नाका आहे की फाटा एवढं पाहिलंत तरी ते कोणत्या काळातलं नाशिक आहे हे कळेल.

आता गंगापूर रोड. चार वर्षांत मला या भागाबद्दल एकच तक्रार सापडली, तिच्याकडे नंतर येतो. बाकी सुख होतं. संध्याकाळी गंगापूर धरणाच्या बाजूने जो वारा येतो तो एप्रिलमध्येसुद्धा पंखा बंद करायला लावतो. सोमेश्वरला पाणी सुटलं की लोक कामधंदा सोडून धबधबा बघायला जातात, आम्हीही जायचो. रविवारी मिसळ, परत येताना पेरू. कुसुमाग्रज स्मारकात काहीतरी चालू असायचंच. मुलगी तेव्हा बारावीला होती, तिचे क्लास कॉलेज रोडला, सायकलने दहा मिनिटं. मुलं शिकतायत तोवर या भागाला तोड नाही, हे मी आजही म्हणतो. सातपूरला किंवा त्र्यंबक रोडला नोकरी असेल तर हा लेख इथेच सोडा आणि गंगापूर रोडला घर घ्या.

वस्ती मात्र आमच्या डोळ्यांदेखत बदलली. आम्ही गेलो तेव्हा इमारतीत प्राध्यापक, डॉक्टर, बँकवाले असे. मग दिंडोरी-निफाडकडचे द्राक्षबागायतदार आले, मुलांच्या शिक्षणासाठी शहरात एक घर असावं म्हणून. त्यानंतर मुंबईकर, शनिवार-रविवारपुरते. आम्ही सोडलं तेव्हा २४ पैकी ९ फ्लॅटना कायमचं कुलूप होतं. दिवाळीत आकाशकंदील मोजले तर इमारत अर्धी अंधारात. हवा छान, रस्ता छान, पण रात्री आईला धाप लागली तेव्हा आमच्या मजल्यावर दार वाजवावं असं घर नव्हतं. मामेभावाला हे सांगितलं तर म्हणाला, "शांतता हवीय म्हणून तर येतोय." बरोबर आहे. त्याच्या आईचं वय माझ्या आईएवढं नाही.

नाशिकरोड याच्या अगदी उलट. इथली वस्ती प्रेस आणि रेल्वेने घडवली. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ ची, नोटांची प्रेस १९२८ ची. तिसरी-चौथी पिढी इथेच. आमच्या मजल्यावर चार घरं, त्यातल्या दोन घरांत प्रेसमधून निवृत्त झालेले काका आहेत, एक जोडपं रेल्वेतलं, चौथे आम्ही. कुलूप कुणालाच नाही. खाली उतरलं की भाजी, पिठाची गिरणी, औषधं, शिंपी, सगळं चालत. देवळालीच्या तोफखान्याचा सराव चालू असला की खिडक्यांची तावदानं थरथरतात. पहिले आठ दिवस दचकायला होतं, मग पाहुणे दचकले की गंमत वाटते.

उणं काय? बिटको चौकात संध्याकाळी चालताना खांदे चोरून चालावं लागतं. नाटक बघायचं तर कालिदास कलामंदिर तिकडे. सार्वजनिक वाचनालय, १८४० पासूनचं, तेही तिकडे. माझं सभासदत्व आहे, पण पुस्तक बदलायला पूर्वी आठवड्याला जायचो, आता महिन्याला. हवा गंगापूर रोडसारखी नाही. आणि एक बोलायची नाही अशी गोष्ट: स्थळं बघताना "गंगापूर रोडला फ्लॅट आहे" या वाक्याला जे वजन आहे ते "जेलरोडला फ्लॅट आहे" याला नाही. जेलरोड म्हटलं की समोरचा आधी हसतो, मग तुम्हाला सांगावं लागतं की रस्त्याला मध्यवर्ती कारागृहाचं नाव आहे, आम्ही आत राहत नाही. मुलीचं लग्न व्हायचं असेल तर हाही मुद्दा यादीत घ्या. मी थट्टा करत नाही.

पैशाचं थोडक्यात. आमच्या बजेटमध्ये गंगापूर रोडला दोन खोल्या आणि हॉल बसत होता, इकडे तीन खोल्या आणि हॉल बसला. आजचे भाव मी सांगणार नाही, पण हा फरक अजून मिटला असेल असं वाटत नाही.

बिबट्याचं दोन्हीकडे बरोबरीत सुटतं. २०१९ मध्ये सावरकरनगरात शिरला होता, ते आमच्या जुन्या घरापासून लांब नाही. इकडे दारणा नदीच्या काठच्या उसात त्याचा मुक्कामच असतो. शहर त्याच्या रानात गेलंय, तो येणारच.

घर जुनं घेत असाल तर, भाग कोणताही असो, पूर्णत्वाचा दाखला आधी मागा. २०१८ च्या आधीची दोन-तीन वर्षं नाशिकमध्ये 'कपाट' हा शब्द ऐकला की बिल्डर आणि गिऱ्हाईक दोघांच्याही पोटात गोळा यायचा. नकाशात कपाटासाठी दाखवलेली जागा बांधताना खोलीत घेतली गेली, चटईक्षेत्र वाढलं, आणि शहरभर इमारती दाखल्याविना अडकून पडल्या. आम्ही गंगापूर रोडला जवळजवळ टोकन देऊन बसलो होतो त्या इमारतीचंही तेच निघालं. पुढे बऱ्याच इमारती मार्गी लागल्या, २०२० च्या शेवटी राज्याची एकत्रित बांधकाम नियमावलीही आली. तरी दाखला हातात घेऊन वाचा, फोटोवर विश्वास ठेवू नका.

पण टोकन थांबलं ते कपाटामुळे, आणि नाशिकरोड ठरलं ते द्वारकेमुळे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जुन्या नाशकातून सारडा सर्कलवरून येणारा रस्ता, मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता एकत्र गाठ मारतात ती जागा म्हणजे द्वारका. २०१३ मध्ये महामार्गावर उड्डाणपूल झाला, तेव्हा वाटलं सुटलो. पूल धुळ्याकडे जाणाऱ्यांसाठी आहे. ज्याला नाशिकमधून नाशिकरोडला जायचंय तो पुलाखालीच राहिला. पादचाऱ्यांसाठी खालून भुयारी मार्गही केला होता, त्यातून माणसं फारशी गेलीच नाहीत, सगळे वरूनच हात दाखवत ओलांडतात.

आईला त्या काळात दर महिन्याला मुंबईला तपासणीसाठी न्यावं लागे. सकाळी पंचवटी एक्स्प्रेस, ती नाशिकरोडवरून सातच्या सुमारास सुटते. आई रिक्षात बसली की रामनामाची माळ सुरू करायची. त्यामुळे माझ्याकडे चार वर्षांचा हिशेब माळांमध्ये आहे. पहाटे रस्ते मोकळे असताना जेहान सर्कल ते स्टेशन पाच माळा. तपासणी दुपारची असेल आणि उशिराची गाडी धरायची तर आठ. संध्याकाळी कुणाला आणायला-सोडायला निघालो तर द्वारकेलाच एकटीला तीन-चार, आणि लग्नाची तिथी असली तर आई माळ खाली ठेवून म्हणायची, "आता रामालाच विचार."

२०१७ च्या डिसेंबरात एका पहाटे द्वारकेच्या वळणावर एक लांबलचक ट्रेलर आडवा होऊन बसला. सव्वासहाची वेळ. पुढे जाता येईना, मागे रिक्षांची रांग, काठे गल्लीचा सिग्नल समोर दिसतोय आणि आम्ही उभे. मी उतरून पुढे काय झालंय ते बघून आलो, दोन वेळा. आई काही बोलली नाही, तिची बोटं तेवढी जपमाळेवर भरभर चालत होती. स्टेशनवर पोहोचलो तेव्हा पंचवटीचा शेवटचा डबा फलाटाच्या टोकाशी होता. तपासणीची पुढची तारीख पाच आठवड्यांनी मिळाली. आई म्हणाली, "स्टेशनजवळ एखादी खोली बघ रे." तिने खोली म्हटलं, मी घर बघायला लागलो.

इथे हुशार वाचक म्हणेल, अहो, नाशिकरोडला राहूनही नाशिकला जायचं तर द्वारका ओलांडावीच लागते की. लागते. मी आजही ओलांडतो. पण वाचनालय सुटत नाही, कालिदासचं नाटक पंधरा मिनिटं चुकलं तर गोष्ट कळते, मित्र वाट बघतो. गाडी बघत नाही. वेळेला बांधलेलं जे काही तुमच्या आयुष्यात आहे ते द्वारकेच्या कोणत्या बाजूला आहे, एवढंच पाहा. माझं इकडे होतं. सातपूरला पहिल्या पाळीत जाणाऱ्या माणसाचं तिकडे असेल, आणि त्याने माझं ऐकलं तर तो वर्षभर मला शिव्या देईल.

वडाळ्यावरून किंवा अशोका मार्गाने फेम सिग्नलला निघायचा आडरस्ता आहे, हेही कुणीतरी सांगेलच. आम्हीही तोच धरायचो. अडचण एवढीच की तो आता सगळ्यांनाच माहीत आहे.

पुढे सुधारेल का? २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात टायरवर धावणाऱ्या मेट्रो निओचं नाव आलं, तिचा एक मार्ग नाशिकरोड स्टेशनपर्यंत येणार होता. तेव्हा गंगापूर रोडच्या मित्राने मला फोन करून "घाई केलीस" असं सांगितलं होतं. तो अजून वाट बघतोय. पुण्याच्या रेल्वेचंही घोंगडं भिजत पडलंय. नारायणगावजवळच्या खोडदच्या महादुर्बिणीला अडथळा होतो म्हणून तिचा मार्गच बदलायची वेळ आली. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने सध्या सगळीकडे खोदकाम चालू आहे, त्यात द्वारकेचं काहीतरी भलं होईल अशी आशा मलाही आहे. झालं तर माझ्या या लेखातला अर्धा मुद्दा गळून पडेल आणि मला आनंदच होईल.

मामेभाऊ येत्या शनिवारी दोन्हीकडची घरं बघायला येतोय. सकाळच्या गाडीने. नाशिकरोडची तीन घरं जेवणाआधी चालतच बघून होतील. दुपारी जरा पडू, चहा घेऊ, आणि गंगापूर रोडला जायला सहाला निघू असं मी ठरवलंय. तिथी बघितली नव्हती. बायकोने कालनिर्णय काढून दाखवलं, त्या दिवशी मुहूर्त आहे. आता त्याला कसं सांगायचं, त्याचं परतीचं तिकीट निघालंय.