अंगणात सावलीसाठी पडवळाचा मांडव की बकुळीचं झाड?

मार्च लागला की आमच्या अंगणात सकाळी अकरानंतर अनवाणी पाय ठेवता येत नाही, जांभा तापतो तो पार दिवेलागणीपर्यंत गरमच असतो, वर पाणी मारलं तर वाफ अंगावर येते. परवा गुहागरहून मावसबहिणीचा फोन आला, ताई अंगणात सावली हवीय, वेल चढवू की झाड लावू, नर्सरीवाला म्हणतो झाड लावा आणि सासूबाई म्हणतात मांडव घाल, तू एकदाच काय ते सांग. तिला सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितेय, कारण हे दोन्ही आमच्याकडे करून झालंय.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटं. पश्चिमेला घरापासून जेमतेम बारा फुटांवर मोठा गुलमोहर होता. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तो मुळासकट उपटून पडवीवर आला, कौलं फुटली, दोन वासे मोडले, सुदैवाने आम्ही सगळे माजघरात होतो. झाड गेलं आणि पावसाळा संपल्यावर दुपारचं ऊन थेट ओटीवर यायला लागलं, म्हणून २०२१ च्या जानेवारीत पडवळ लावलं आणि मांडव घातला. त्याच मे महिन्यात तौक्ते वादळ आलं! मांडव जमीनदोस्त. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी, नवरा आणि शेजारचा मुलगा, तिघांनी दोन तासांत वासे परत उभे केले, दोन वेल तुटले होते बाकीचे तसेच वर बांधले आणि ते जगले. किनाऱ्यावर राहणाऱ्याने सावली निवडताना हे आधी बघावं असं माझं मत झालंय, की ती कोसळली तर काय होईल.

आता वेलाचं. सगळ्यात मोठी चूक होते ती वेळेची. आपल्याकडे पडवळ, दोडकी, काकडी हे सगळं पावसाच्या तोंडावर लावायची सवय, मृगात बी टाकलं की पाणी घालायलाच नको, श्रावणात भाजी सुरू. पण तेव्हा सावली कुणाला हवीय, तेव्हा चार घटका ऊन पडलं तर बरं वाटतं. सावली हवी मार्च ते मे, म्हणजे बी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातच जमिनीत पाहिजे. पडवळाच्या बीचं कवच जाड असतं, रात्रभर भिजवून लावलं तर लवकर उगवतं. मार्चमध्ये मांडव धरायला लागतो आणि मार्चअखेरीपर्यंत बऱ्यापैकी झाकतो, साधारण दोन महिन्यांत पहिलं पडवळ. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या जाती आहेत, पडवळात कोकण श्वेता, दोडक्यात कोकण हरिता, कारल्यात कोकण तारा, बी मिळालं तर तेच घ्या.

मांडव सात फुटांच्या खाली नको. आम्ही पहिल्या वर्षी सहा फुटांवर घातला आणि पडवळं खाली लोंबायला लागल्यावर अंगणातून वाकून जावं लागायचं, सासरे वैतागले. पोफळीचे वासे, वर बांबूच्या चिवाट्या, म्हणजे बारीक काठ्या, आणि सुंभ, एवढं पुरतं. नायलॉनची जाळी घालायला सोपी पण वेल सुकल्यावर त्यातून काढताना जीव जातो, सुंभ असलं की सगळं एकदम खाली ओढून खताच्या खड्ड्यात टाकता येतं.

आणि रोजचं पाणी! हे हलकं घेऊ नका. एप्रिल-मेमध्ये एक दिवस चुकला तर दुपारी पानं माना टाकतात, आणि नेमकी तेव्हाच विहीर तळाला गेलेली असते. आम्ही प्रत्येक आळ्याला रोज सकाळी एक कळशी घालतो, शिवाय भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी. फळमाशी हा दुसरा त्रास, कोवळ्या फळाला डंख केला की ते वाकडं होतं, आतून सडतं, त्यासाठी क्यू ल्यूरचा, म्हणजे नर माश्यांना वासाने ओढणारा, सापळा लावावा आणि किडकी फळं उकिरड्यावर न टाकता खोल पुरावीत, नाहीतर त्यातूनच पुढच्या माश्या येतात. पानं चुरडली की उग्र वास येतो, काहींना तो अजिबात सहन होत नाही, असं कुणी घरात असेल तर दोडकं लावा.

पण संध्याकाळी दिवेलागणीला पडवळाची फुलं उमलतात ते एकदा बघाच. कळी आधी गुंडाळलेली असते आणि मग कडेचे पांढरे दोरे एकेक करून सुटतात, लेस उलगडावी तसं, आणि काळोख पडला की त्यावर पतंग यायला लागतात, परागीभवन तेच करतात. आमच्याकडे सासूबाई कोवळ्या पडवळाच्या टोकाला सुतळीने छोटा दगड बांधतात, म्हणजे ते सरळ वाढतं. मे महिन्यात मांडवाखाली असे सात-आठ दगड हलत असतात आणि पोरं ते मोजत बसतात.

बकुळ पूर्ण वेगळं प्रकरण. आमची २०१४ च्या पावसात लावलेली, निसर्गच्या वेळी सहा वर्षांची होती आणि माझ्या डोक्याच्या थोडी वर, वाऱ्याने नुसती वाकली आणि उभी राहिली. आता तिच्याखाली दोन खुर्च्या बसतात. म्हणजे जवळजवळ दहा वर्षं लागली, हे आधीच सांगते, कारण नर्सरीत कुणी सांगत नाही. पण झाली की झाली. बारमाही हिरवी, पानं दाट, त्यामुळे खालची सावली गार आणि घट्ट, वेलाच्या सावलीसारखे उन्हाचे ठिपके नाहीत. फुलं सकाळी खाली पडलेली असतात, सुकली तरी वास जात नाही, माझ्या कपाटात गेल्या वर्षीचा गजरा अजून आहे.

झाडाला कष्ट सुरुवातीला. जांभ्यात खड्डा खणणं म्हणजे पहारीचं काम, दोन-अडीच फूट रुंद आणि तेवढाच खोल तरी हवा, खाली कातळ लागला तर जागा बदला. माती, शेणखत, पालापाचोळा भरून पहिल्या चांगल्या पावसानंतर रोप लावायचं. पाऊस चार महिने सांभाळतो, पुढे डिसेंबर ते मे पाणी आपलं, निदान तीन उन्हाळे. बुंध्याजवळ बारीक भोकाचं मडकं पुरून ते आठवड्यातून दोनदा भरलं तरी चालतं. गुरांपासून कुंपण हवंच.

मोठं झाल्यावरचा त्रास म्हणजे पाला आणि माकडं. पन्हळीत पानं अडकली की पावसात पाणी भिंतीवर येतं, आणि फांदी छपराला टेकली की माकडं तिथून कौलांवर उड्या मारतात. अर्थात पडवळंही माकडं ठेवत नाहीत, त्या बाबतीत दोन्ही सारखेच.

बकुळीऐवजी दुसरं काही? करंज खाऱ्या वाऱ्यात मस्त वाढतो आणि बकुळीपेक्षा लवकर, पण उन्हाळ्याच्या तोंडावर काही दिवस पानं झडतात. अगदी समुद्राला लागून असाल तर उंडी, तीही हळू. गुलमोहर दारात नको, का ते वर सांगितलंच. आंबा-फणस जरूर लावा पण दारापासून लांब, कारण पुढे अडचण झाली आणि तोडायचं म्हटलं तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली आधी परवानगी काढावी लागते.

आता जे मावसबहिणीच्या डोक्यातच आलं नव्हतं ते. अंगणातलं ऊन आपल्याला हवंही असतं. एप्रिल-मेमध्ये आमसुलं, फणसपोळी, आंब्याची साठं, कुरडया, थंडीत सुपारी, हे सगळं वाळवणार कुठे? अंगणाच्या मधोमध बकुळ लावली तर दहा वर्षांनी वाळवणाला गच्ची बांधावी लागेल. मांडव अर्ध्याच अंगणावर घालता येतो, पुढच्या वर्षी जागा बदलता येते, पावसाआधी काढून टाकता येतो. म्हणून अंगणात मांडव आणि झाड पश्चिमेच्या गडग्याकडे, म्हणजे दगडी कुंपणाकडे, हे माझं स्पष्ट मत आहे.

मात्र घर वर्षभर उघडं नसेल, तुम्ही मुंबईहून गणपतीला आणि मेमध्ये येणारे असाल, तर वेलाच्या भानगडीत पडू नका. जानेवारीपासून रोज पाणी घालायला माणूस ठेवणं परवडत नाही आणि शेजाऱ्यांवर किती भार टाकणार. बकुळच लावा, मडक्यात पाणी भरण्यापुरतं कुणीतरी मिळतं. उलट घरात माणसं असतील आणि वयस्कर मंडळींना यंदाच सावली हवी असेल तर त्यांना दहा वर्षं थांबा म्हणण्यात काय अर्थ आहे, त्यांच्यासाठी मांडव घाला, झाडाचा खड्डाही याच जूनमध्ये होऊ दे. बहिणीकडे सासूबाई सत्तरीच्या पुढे आहेत, तिला मी हेच सांगितलं.

झाडाची जागा मात्र मे महिन्यात ठरवायची. दापोली-गुहागरकडे मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा झाडाची सावली त्याच्या बुडाशीच, घराला काही उपयोग नाही. छळतं ते तीननंतरचं पश्चिमेचं ऊन. चार वाजता पंधरा फुटी झाडाची सावली सतरा फुटांच्या आसपास पूर्वेकडे जाते, म्हणजे पश्चिमेला अठरा-वीस फुटांवर लावलेली बकुळ मोठी झाली की चारनंतर ओटी झाकते. पावसाळी वारा पण त्याच बाजूने येतो, त्यामुळे याच्यापेक्षा जवळ अजिबात नको. बहिणीला सांगितलंय, चार वाजता एकाला लांब बांबू धरून गडग्याजवळ उभं कर, सावलीचं टोक कुठवर येतं बघ, आणि बांबूच्या बुडाशी एक चिरा ठेव.