सेंट्रल लाइनची निगा: मासिक प्रशिक्षण की खाटेजवळची फेरी?

सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून) होणारा रक्तसंसर्ग टाळण्यासाठी काय करायचे, हे अतिदक्षता विभागातील बहुतेक परिचारिकांना ठाऊक असते. अडचण असते ती धावपळीच्या रात्रपाळीतही ते न चुकता होण्याची. त्यासाठी नाशिकमध्ये मी दोन पद्धतींनी काम केले आहे: दरमहा प्रशिक्षण घेऊन प्रत्येक पाळीत चेकलिस्ट भरून घेणे, किंवा अनुभवी सिस्टरने खाटेजवळ थांबून काम पाहणे व तिथल्या तिथे सुचवणे, म्हणजेच फेरी.

पहिली पद्धत टाकाऊ मुळीच नाही. नव्याने रुजू झालेल्यांना तिचा आधार वाटतो आणि एनएबीएचच्या (रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या संस्थेच्या) तपासणीला नोंदीही लागतात. अमेरिकी डॉक्टर पीटर प्रोनोव्होस्ट यांच्या पुढाकाराने मिशिगनमधील शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत झालेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात चेकलिस्ट होतीच. पण तिथे लाइन घालताना नियम मोडला गेल्यास डॉक्टरांना थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला होता आणि संसर्गाचे आकडे विभागाला नियमित कळवले जात. आपण बहुधा नुसता कागद उचलतो.

माझे मन फिरले ते त्या कागदामुळेच. पाळी संपता संपता, हँडओव्हरच्या आधी, एकाच पेनाने साऱ्या रकान्यांत खुणा होतात. ‘औषध देण्यापूर्वी हब (लाइनचे औषध सोडायचे तोंड) स्वॅबने घासला’ यापुढे सगळीकडे होकार असतो, प्रत्यक्षात अल्कोहोल स्वॅबचा डबा मात्र नर्सिंग स्टेशनच्या कपाटात असतो. हातात अँटिबायोटिकची सिरिंज आहे, शेजारच्या खाटेचा मॉनिटर वाजतो आहे, अशा वेळी कोणती सिस्टर कपाटापर्यंत जाईल? हे कोणत्याही चेकलिस्टमधून कळले नसते. खाटेजवळ उभे राहिल्यावर लगेच दिसले. प्रत्येक सलाइन स्टँडला स्वॅबची पाकिटे अडकवल्यावर, निदान आमच्या विभागात, हब घासण्यासाठी वेगळे सांगावे लागणे बरेच कमी झाले.

ड्रेसिंगचेही तेच. पारदर्शक ड्रेसिंग सात दिवसांनी आणि गॉजचे दोन दिवसांनी, हे सर्वांना पाठ असते. पण मानेवरच्या लाइनचे ड्रेसिंग घामाने कडेला सुटले, तर तारखेची वाट न पाहता तेव्हाच बदलावे लागते. फेरीत ती सुटलेली कड डोळ्यांना दिसते.

फेरीच्याही मर्यादा आहेत. पाहणारी व्यक्ती समोर असेपर्यंत हातांची स्वच्छता जरा जास्तच काटेकोर होते, आणि नातेवाइकांदेखत चूक दाखवली की सिस्टर दुखावते. म्हणून बोलणे बाजूला घेऊनच व्हावे.

निम्मा कर्मचारीवर्ग नवा असेल, तर आधी प्रशिक्षण घ्यावे, असे मला वाटते. पण प्रत्येक पाळीत एका ज्येष्ठ सिस्टरला अर्धा तास मोकळा देता येत असेल, तर मी फेरीच निवडेन. मात्र तेवढ्या वेळापुरत्या तिच्या खाटा कोण सांभाळणार, हे ड्यूटी लावतानाच ठरवून व्यवस्थापनाकडून लेखी घ्यावे.