रोबोट किटमधील ‘९९०० एमएएच’चे सेल

अडथळा दिसताच स्वतःहून वळणारा छोटा रोबोट मे महिन्याच्या सुट्टीत मुलीसोबत तयार करावा, म्हणून मी समाजमाध्यमावरील एका जाहिरातीवरून किट मागवले. विक्रेत्याने दुकान ठाण्यातील नौपाड्यात असल्याचे सांगितले. आम्ही ठाण्यातच कासारवडवलीला राहतो; अडचण आलीच तर प्रत्यक्ष जाता येईल, या भरवशावर मी २,४५० रुपये यूपीआयने आगाऊ भरले. पैसे दुकानाच्या नव्हे, तर एका व्यक्तीच्या खात्यात जात असल्याचे पडद्यावर स्पष्ट दिसत होते, तरीही मी भरले, हा दोष माझाच.

किटमध्ये रोबोटचा मेंदू असलेला आर्डुइनो उनोसारखा बोर्ड, एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर, मोटरना वीज पुरवणारा एल२९८एन मोटर ड्रायव्हर, चाके फिरवणाऱ्या दोन पिवळ्या बीओ मोटर आणि निळ्या वेष्टनावर ‘९९०० एमएएच’ (सेल किती वीज साठवतो याचे माप) असे छापलेले दोन १८६५० सेल, म्हणजे पुन्हा चार्ज होणारे लिथियम सेल, होते. जोडणीत दोन संध्याकाळी गेल्या. सेन्सर ४० किलोहर्ट्झचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो. बोर्ड लॅपटॉपला जोडून मुलीने हे पट्टी लावून पडताळले. २० सेंटिमीटरवर वही धरली आणि पडद्यावर २० उमटले, तेव्हा तिने आईला स्वयंपाकघरातून ओढत आणले. सेलवर मात्र रोबोट जेमतेम वीतभर सरके, बोर्डवरचा दिवा विझून पुन्हा लागे आणि सगळे पहिल्यापासून सुरू होई.

विक्रेत्याला व्हिडिओ पाठवल्यावर त्याचा फोन आला. “सर, मुलीने वायर उलटी जोडली असणार. बोर्ड गेला. नवा साडेसहाशेला पडेल, कुरिअर वेगळे.” हे मुलीने ऐकले आणि काही न बोलता स्क्रू ड्रायव्हर डब्यात ठेवून दिला. चूक लहान मुलाच्या माथी मारली की पालक खजील होऊन पैसे काढतात, हे त्या माणसाला पक्के ठाऊक असावे. मीही काढणारच होतो.

सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने विजेचा दाब मोजणारा मल्टिमीटर लावला तेव्हा उलगडा झाला. दोन्ही सेल मिळून ७.९ व्होल्ट दाखवत होते, पण मोटर फिरू लागताच आकडा ५ च्या खाली येत होता. त्यातून मोटर ड्रायव्हरच सुमारे २ व्होल्ट खातो, त्यामुळे बोर्डाला पुरेसा दाब मिळत नव्हता आणि तो पुन्हापुन्हा सुरू होत होता. जोडणीत काहीही चूक नव्हती. चांगल्या १८६५० सेलची क्षमता साधारण ३,५०० एमएएचपर्यंतच असते, त्यामुळे ९९०० हा आकडाच खोटेपणाचा पुरावा होता. अस्सल सेलचे वजन ४५ ग्रॅमच्या आसपास भरते. आमचा एक सेल स्वयंपाकघरातील काट्यावर २६ ग्रॅम भरला, दुसरा २७.

नौपाड्यातील त्या पत्त्यावर पोळी-भाजी केंद्र निघाले. तेथील काकूंनी आमच्याआधीही दोघे जण किटची चौकशी करून गेल्याचे सांगितले. विक्रेत्याने तोवर माझा नंबर ब्लॉक केला होता. मी १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, परंतु मध्ये नऊ दिवस गेले होते. १९३० वर जितक्या लवकर कळवावे तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता अधिक असते; माझे पैसे अद्याप परत आलेले नाहीत.

असे सेल कोणाकडे आले असतील तर ते चार्जरला लावून पाहू नयेत, कारण लिथियमचा निकृष्ट सेल तापून पेट घेऊ शकतो. आमचे सेल टोकांना टेप लावून ई-कचऱ्यासाठी बाजूला ठेवले आहेत. नवे सेल मी मुंबईतील इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, लॅमिंग्टन रोडवरून, पक्के बिल घेऊन आणले. ते रोबोटमध्ये बसवण्याआधी मुलीने काटा ओट्यावर काढला, आकडा शून्यावर आणला आणि एकेक सेल ठेवून पाहिला. दोन्ही ४६ ग्रॅम भरले, तेव्हाच तिने डब्यातला स्क्रू ड्रायव्हर मागितला.